भुयारी गटाराचं दुसरं बिल

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी बाहेर पडतं. प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती जेमतेम २०,२३६ दशलक्ष लिटरवर. उरलेलं नाल्यांत, नद्यांत, खाडीत जातं. नद्यांची दुर्दशा सांगताना हे आकडे नेहमी पुढे केले जातात. शहरात राहणाऱ्या माणसाने त्यांतून आणखी एक गोष्ट वाचायला हवी: अजून फार मोठं खोदकाम व्हायचं आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘अमृत’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातून आणि राज्यांच्या स्वतःच्या योजनांतून भुयारी गटारं आता मोठ्या शहरांबरोबर मध्यम आकाराच्या गावांतही पोहोचत आहेत. हे काम व्हायलाच हवं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो खर्चाच्या हिशेबाचा. गटार योजनेची किंमत दोनदा चुकती होते. एक रक्कम अंदाजपत्रकात असते. ती केंद्र, राज्य, महापालिका आणि कर्ज देणाऱ्या संस्था मिळून भरतात. दुसरी रक्कम ज्यांच्या दारात चर खणला जातो ते भरतात: बुडालेल्या गल्ल्याच्या, तडकलेल्या भिंतीच्या, दम्याच्या औषधाच्या रूपाने. ती कुठल्याच कागदावर चढत नाही. काम कसं करायचं हे जो ठरवतो त्याच्या खिशातून या दुसऱ्या रकमेतला एक पैसाही जात नाही, आणि कामाच्या पद्धतीतले बहुतेक दोष इथूनच सुरू होतात असं माझं म्हणणं आहे.

केबल, गॅस किंवा पिण्याचं पाणी यांच्यापेक्षा गटाराचं काम लोकांना जास्त छळतं, याचं कारण आधी समजून घेतलं पाहिजे. पाण्याच्या वाहिनीत दाब असतो, त्यामुळे ती मीटरभर खोलीवरून, वाटेत येणाऱ्या अडथळ्यांना वळसा घालून नेता येते. मलवाहिनी ढाळावर चालते. मैला तळाशी बसू नये म्हणून प्रवाहाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर तरी वेग मिळावा लागतो, तेवढा वेग मिळण्यासाठी ढाळ सलग राखावा लागतो, आणि म्हणून वरचा रस्ता सपाट असला तरी खालची वाहिनी पुढे पुढे खोल जात राहते. तीन मीटर, चार, कधी सहा. एवढ्या खोल चराच्या बाजू ढासळू नयेत म्हणून शोरिंग लागतं, पाणी लागलं तर रात्रंदिवस पंप चालवावे लागतात, दर तीसेक मीटरवर चेंबर बांधावा लागतो आणि काम उताराच्या टोकाकडून चढाकडे न्यावं लागतं. मध्येच नकाशात नसलेली केबल किंवा जुनं दगडी गटार आडवं आलं की ढाळ सोडून बाजूला होण्याची सोय नसते. अरुंद रस्त्यात पोकलेन, मातीचा ढीग, पाइप आणि डंपर एवढं आल्यावर माणसाला जायला उरते ती भिंतीकडेची फळी. त्यामुळे ‘पालिकेला कामच करता येत नाही’ ही लोकांची तक्रार अर्धीच बरोबर असते. खोली आणि रुंदी निसर्गनियमाने ठरलेली असते. एका वेळी किती लांबीचा चर उघडायचा, तो किती दिवस उघडा ठेवायचा आणि कुठल्या महिन्यात उघडायचा हे मात्र माणसं ठरवतात.

या काळात बाजारपेठेत ‘धंदा बसतो’ असं ढोबळपणे म्हटलं जातं. तो सगळ्यांचा सारखा बसत नाही. सराफाकडे, नेहमीच्या डॉक्टरकडे, लग्नाच्या बस्त्यासाठी नाव असलेल्या कापड दुकानात गिऱ्हाईक वळसा घालूनही येतं. चहाची टपरी, फळवाला, झेरॉक्सवाला, पेट्रोल पंप, वडापावची गाडी यांचा धंदा जाता-येता थांबणाऱ्यांवर चालतो; वाहतूक वळवली की तो त्याच दिवशी आटतो. भाजी, मासळी, दूध असा नाशवंत माल विकणाऱ्याला दुहेरी मार बसतो, कारण न खपलेला मालही फेकावा लागतो. भाडं, नोकरांचे पगार, बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाहीत. चार महिन्यांचं काम गणपती-दिवाळीच्या आधी संपतं की त्यांच्या ऐन मध्यावर येतं, यावर कित्येक दुकानांचं वर्ष ठरतं. आणि रस्ता पुन्हा डांबरी झाला तरी तीन महिने पलीकडच्या गल्लीतल्या वाण्याकडे जायची सवय लागलेलं कुटुंब परत येईलच असं नाही. इथे अर्थशास्त्राचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: एका वाण्याचं गेलं ते दुसऱ्याला मिळालं, शहराच्या एकूण उलाढालीत फरक शून्य, मग नुकसान कसलं? शहराच्या बेरजेत हे बरोबरही असेल. पण सार्वजनिक कामाने एकाचा धंदा उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकावा आणि बेरीज जमली म्हणून दोघांनीही समाधान मानावं, असा न्याय आपण जमिनीच्या बाबतीत मान्य करत नाही. धंद्याच्या बाबतीत तरी का करावा?

रहिवाशांचं नुकसान पैशांत मांडणं त्याहून अवघड आहे. धूळ खिडक्या लावून थोडीफार अडते, पण उन्हाळ्यात खिडक्या लावणं ही दुसरी शिक्षा. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत येत नाही. पाण्याचा टँकर आणि गॅसचा सिलिंडर कोपऱ्यापर्यंतच येतो. गुडघे दुखणारी आजी फळीवरून चालण्यापेक्षा दोन महिने घरातच बसते. जुन्या, खांबांशिवाय नुसत्या भिंतींवर उभ्या असलेल्या घरांना यंत्रांच्या हादऱ्यांनी चिरा पडतात. चरातलं पाणी उपसत राहिल्याने आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी खाली जातं, मऊ माती दबते आणि पाया थोडासा बसतो. हे लगेच दिसत नाही. दरवाजा अडकायला लागल्यावर कळतं, आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या वॉर्डात गेलेला असतो. पोकलेनच्या दातात जुनी पाण्याची नळी सापडली की नळाला गढूळ पाणी येतं. शेवटी चर बुजवताना भराव थरांथरांनी दाबला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात रस्त्यात लांबलचक घळ पडते. काम संपल्याचा दाखला तोपर्यंत फायलीत लागलेला असतो.

हे सगळं एका ठिकाणी, दाटीने, पाहायचं असेल तर पणजीची गेली काही वर्षं पाहावीत. २०१६ मध्ये पणजीची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली आणि ‘इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड’ या कंपनीमार्फत पुढे रस्ते, पर्जन्यवाहिन्या, मलवाहिन्या, केबल अशी कामं निघाली. त्यांतलं लोकांना सर्वांत जड गेलेलं काम मलवाहिन्यांचं. मांडवीच्या काठावरच्या या शहराचा बराच भाग दलदलीवर भराव टाकून उभा आहे. थोडं खणलं की पाणी लागतं, आणि माती धरून राहत नाही. अशा जमिनीत खोल चर घेणं आणि बुजवणं या दोन्ही गोष्टींत कसब लागतं. २०२३ मध्ये बुजवलेल्या चरांवरून जाणारे मालट्रक एकामागून एक रुतले, आणि त्यांची छायाचित्रं गोव्याबाहेरही पोहोचली. एकाच वेळी अनेक रस्ते उघडे, मुदती पुन्हा पुन्हा पुढे जाणाऱ्या, मध्येच जी-२० च्या बैठकांसाठी तात्पुरती डागडुजी, मग पुन्हा खोदाई. २०२४ च्या सुरुवातीला एक तरुण दुचाकीस्वार अशा कामाच्या खड्ड्यात पडून मरण पावला. धुळीबद्दल नागरिकांनी जनहित याचिका केल्या, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातल्या न्यायमूर्तींनी स्वतः जाऊन कामांची पाहणी केली. न्यायमूर्तींना रस्त्यावर उतरून धूळ पाहावी लागते याचा अर्थ खालच्या सगळ्या पायऱ्यांवर ती पाहणं कुणाचं काम नव्हतं. न्यायालयासमोर कामं उरकण्याची तारीख आली ती ३१ मे, म्हणजे पावसाच्या तोंडावरची.

पणजीच्या गोंधळाचं खापर अकार्यक्षमतेवर किंवा भ्रष्टाचारावर फोडणं सोपं आहे, आणि तशी टीका झालीही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सगळे रस्ते एकदम उघडण्याचा निर्णय योजनेच्या मुदतीच्या दृष्टीने शहाणपणाचा होता: निधी वेळेत खर्च व्हायला हवा, यंत्रं बसून राहायला नकोत. त्या निर्णयाची किंमत पडली ती अठरा जून रस्त्यावरच्या दुकानदारांना, मळा आणि सांतिनेज या भागांतल्या रहिवाशांना. त्यांच्या नुकसानीला अंदाजपत्रकात एक ओळ असती, तर एका वेळी दोनच रस्ते घ्यायचे की वीस, या प्रश्नाचं उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. निदान प्रश्न तरी विचारला गेला असता.

व्यापाऱ्यांचा खोळंबा हा मुद्दा आजच्या काळाचा लाड आहे असं समजायचं कारण नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसद हैराण झाल्यावर जोसेफ बॅझलजेटला लंडनच्या गटारांचं काम हाती घ्यायला मिळालं. नदीच्या उत्तर काठाने जाणारी खालच्या पातळीची मुख्य वाहिनी टाकायला सरळ मार्ग होता तो स्ट्रँड आणि फ्लीट स्ट्रीटखालून. तो शहराच्या व्यापाराचा कणा. तिथे खोदलं तर काय होईल याचा विचार करून वाहिनी नदीच्या पात्रात भिंत घालून, भराव करून बांधलेल्या नव्या धक्क्यातून नेली गेली. तो व्हिक्टोरिया एंबँकमेंट १८७० मध्ये खुला झाला; गटाराबरोबर भुयारी रेल्वे, वर रस्ता आणि बागाही मिळाल्या. बॅझलजेट काही समाजसेवक नव्हता. स्ट्रँडवरच्या व्यापाऱ्यांचा आवाज संसदेत ऐकू जात होता, म्हणून त्यांचा त्रास आराखड्यात शिरला. ज्या मोहल्ल्यांचा आवाज इतक्या दूर पोहोचत नाही, त्यांच्यासाठी हेच काम नियमाने व्हावं लागतं.

शिकागोची गोष्ट उलट्या बाजूने बोलकी आहे. मिशिगन सरोवराच्या काठचं ते शहर इतकं सपाट आणि चिखलात होतं की ढाळ मिळवायला खाली जाणं शक्य नव्हतं. एलिस चेसब्रो या अभियंत्याने १८५५ च्या सुमारास गटारं जवळपास जमिनीच्या पातळीवर टाकून रस्तेच वर उचलायचे ठरवलं. मग रस्त्यांच्या खाली गेलेल्या इमारती जॅकवर उचलाव्या लागल्या. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची दुकानांची अख्खी रांग उचलली गेली आणि दुकानं चालू राहिली. १८६१ मध्ये ट्रिमाँट हाउस हे हॉटेल आत पाहुणे असताना वर गेलं. अभियांत्रिकीच्या इतिहासात हे कौतुकाने सांगितलं जातं. इमारत उचलायचा खर्च मालकांच्या माथी होता, हा भाग त्या कौतुकात सहसा येत नाही. ज्यांना तो झेपत नव्हता त्यांतल्या कित्येकांनी लाकडी घरं ओंडक्यांवरून ओढत शहराबाहेर नेली. रस्त्यांच्या पातळीवरून आणि अशाच सार्वजनिक कामांवरून उठलेल्या वादांच्या पार्श्वभूमीवर १८७० च्या इलिनॉय राज्यघटनेत एक नवी तरतूद आली: सार्वजनिक कामासाठी सरकारने मालमत्ता घेतली तर भरपाई द्यायचीच, पण न घेता तिला हानी पोहोचवली तरीही द्यायची. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं राज्य; नंतर इतर अनेक राज्यांनी ते उचललं.

जिथे कायद्याने हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न झाला, तिथली उदाहरणं पाहण्यासारखी आहेत, कारण ती एकसारखी नाहीत. इंग्लंडमध्ये १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री कायद्याच्या बाराव्या परिशिष्टानुसार रस्ता खोदणाऱ्या पाणी आणि मलनिस्सारण कंपनीने शक्य तेवढी कमी हानी करायची आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची, हे तिचं कर्तव्य आहे. दुकानदाराला गटाराच्या कामामुळे नफा बुडाल्याचं सिद्ध करता आलं तर तो कंपनीकडे दावा लावू शकतो. फ्रान्समध्ये न्यायालयांनी एक तत्त्व घडवलं: सार्वजनिक कामाचा सर्वसाधारण त्रास सगळ्यांनी सोसायचा, पण कुणा एकावर असाधारण आणि वेगळा बोजा पडला तर तो समाजाने वाटून घ्यायचा. ट्राम आणि मेट्रोच्या कामांत तिथल्या अनेक शहरांनी याच तत्त्वावर समेटाने भरपाई ठरवणाऱ्या समित्या नेमल्या. अध्यक्षपदी बहुधा न्यायाधीश, समोर दुकानदाराच्या मागच्या काही वर्षांच्या उलाढालीचे कागद. कॅनडात माँट्रियलच्या सेंट ह्यूबर्ट रस्त्यावर जुन्या मलवाहिन्या आणि जलवाहिन्या बदलायला २०१८ पासून रस्ता उघडला गेला, तेव्हा त्या शहराने मोठ्या कामांनी पोळलेल्या व्यापाऱ्यांसाठी मदत योजना आणली. सुरुवातीच्या नियमांत ढोबळ नफा १५ टक्क्यांहून जास्त घटला असेल तर वर्षाला ३०,००० डॉलरपर्यंत मदत होती. या तिन्ही व्यवस्थांत किचकट कागदपत्रं आणि उशीर याबद्दल तक्रारी आहेत. पण नुकसान झालं हे मान्य करून मग किती झालं यावर भांडणं, आणि नुकसान झालंच नाही असं धरून चालणं, या दोन फार वेगळ्या जागा आहेत.

आपल्याकडे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने उपजीविका गमावणाऱ्यांचा विचार केला, पण जमीन संपादन झाली तर. राज्यघटनेतलं कलम ३००-अ मालमत्ता हिरावून घेण्याबद्दल बोलतं. सरकारने काहीच घेतलं नाही, फक्त दुकानासमोरचा रस्ता सात महिने बंद ठेवला, अशा वेळी बुडालेला धंदा मागायला सोपी, ठरलेली वाट नाही. उरतो तो उच्च न्यायालयाचा दरवाजा, आणि तिथे धुळीवर, मुदतीवर, सुरक्षेवर आदेश मिळतात. गल्ल्याचा हिशेब होत नाही.

आता ठेकेदाराच्या बाजूने पाहू. गटाराचा ठेका आयटम-रेट पद्धतीचा असला तर पैसे मिळतात ते खोदलेल्या घनमीटरचे आणि टाकलेल्या पाइपच्या मीटरचे. रनिंग बिल काढायचं तर नवा चर उघडणं फायद्याचं. उघडलेला चर दाबून, बुजवून, रस्ता पूर्ववत करणं हे शेवटचं, तुलनेने कमी पैशाचं आणि वेळखाऊ काम. बऱ्याच ठिकाणी तर ड्रेनेज खातं वेगळं, रस्ते खातं वेगळं आणि डांबरीकरणाचं टेंडर तिसरंच. मग खडी पसरलेला रस्ता दोन खात्यांच्या पत्रव्यवहारात पडून राहतो. यात ठेकेदाराला दुष्ट ठरवायची गरज नाही. ज्याचे पैसे मिळतात ते तो आधी करतो. पैसे ‘लोकांना परत दिलेल्या रस्त्याच्या’ मीटरवर मोजले, म्हणजे चाचणी होऊन, भराव दाबून, पृष्ठभाग झाल्यावरच मोठा हप्ता सुटला, तर त्याच ठेकेदाराचं वेळापत्रक आपोआप बदलेल. लंडनने २०१२ पासून मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खोदून ठेवणाऱ्यांकडून दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत भाडं घ्यायला सुरुवात केली. रस्ता अडवण्याला किंमत लागली की रात्रीचं काम, तात्पुरती लोखंडी प्लेट, दोन कंपन्यांनी एकाच चरात काम उरकणं या गोष्टी परवडायला लागतात. आपल्याकडे त्या परवडत नाहीत, कारण रस्ता फुकट आहे.

खोदाईशिवायच्या तंत्रांबद्दलही इथेच बोलायला हवं, कारण प्रत्येक चर्चेत कुणीतरी ‘मायक्रोटनेलिंग करा ना’ म्हणतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात वाढलेल्या या तंत्रात दोन टोकांना दोन खड्डे घेऊन मधली वाहिनी जमिनीखालूनच ढकलली जाते. मुंबईतही ते वापरलं गेलं आहे. जुन्या वाहिनीला आतून रेझिनचं अस्तर लावण्याची पद्धत १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात पहिल्यांदा वापरली गेली, आणि कोलकात्याची ब्रिटिशकालीन विटांची गटारं रस्ता न फोडता आतून अस्तर लावून दुरुस्त झाली. पण हे रामबाण नाही. घराघरातून येणाऱ्या जोडण्यांसाठी चर लागतोच. दख्खनच्या काळ्या कातळात लहान व्यासाचं यंत्र अडकलं तर ते काढायला शेवटी वरूनच खणावं लागतं. अगदी २५ किलोमीटर लांबीच्या लंडनच्या टेम्स टाइडवे बोगद्यातही सगळा त्रास नाहीसा झाला नाही, तो बोगद्याच्या शाफ्टभोवतीच्या मोजक्या मोहल्ल्यांत गोळा झाला. बर्मंड्सीच्या चेंबर्स वार्फजवळचे रहिवासी चोवीस तास चालणाऱ्या कामाबद्दल वर्षानुवर्षं भांडत राहिले. फरक इतकाच की तिथे आवाज अडवणाऱ्या दुहेरी काचा, काही काळ दुसरीकडे राहायची सोय आणि दावे पाहणारी स्वतंत्र समिती हे प्रकल्पाचाच भाग होतं, आणि उपसलेला बराचसा माल ट्रकऐवजी नदीतून बार्जने गेला. आपल्याकडे कुठल्या रस्त्यावर कुठलं तंत्र वापरायचं याची तुलना होते तेव्हा उघडा चर स्वस्त पडतो. पडणारच. त्याचा अर्धा खर्च दुसऱ्यांच्या नावावर टाकल्यावर कुठलीही गोष्ट स्वस्त पडेल.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा: ज्यांच्या दारात खणलं त्यांनाच उद्या गटार मिळणार, जागेचे भाव वाढणार, मग भरपाई कशाला? हे घरमालकाबद्दल काही अंशी खरं आहे. पण बाजारातला दुकानदार पुष्कळदा भाडेकरू असतो. भाव वाढले तर त्याचं भाडंच वाढतं. मुख्य वाहिनी ज्या रस्त्यातून जाते तो रस्ता वरच्या दहा वस्त्यांचा मैला वाहून नेतो, आणि स्वच्छ नदीचा लाभ खालच्या गावांना मिळतो. लाभ दूरवर आणि पन्नास वर्षांत पसरतो, बोजा एका गल्लीवर एका हंगामात पडतो. दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. ही भीती खरी आहे, पण तिचं उत्तर माँट्रियलसारखी किमान घटीची अट आणि फ्रान्ससारखी कागदांची तपासणी यांत आहे. आज जीएसटीची विवरणपत्रं हातात असताना मागच्या वर्षाची उलाढाल पाहणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. घरांच्या चिरांबाबत तर उपाय साधा आहे. काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या इमारतींची छायाचित्रांसह नोंद करून एक प्रत रहिवाशाला द्यावी. मग कुठली चीर जुनी आणि कुठली नवी यावर वाद राहत नाही, आणि हे ठेकेदाराच्याही फायद्याचं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पालिकांकडे पैसा नाही. त्यात भरपाईची भर घातली तर गटारं लांबणीवर पडतील, आणि त्याचा फटका बसेल तो नाल्याकाठी राहणाऱ्या गरिबांना, ज्यांच्या पोरांना अतिसार होतो. दुकानदाराच्या गल्ल्यापेक्षा ते मोठं आहे, हे मान्य. पण योजना खरोखर कशाने लांबतात ते पाहावं. पुण्याच्या मुळा-मुठा प्रदूषण निवारण प्रकल्पाला २०१६ मध्ये जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जासह मंजुरी मिळाली, तेव्हा खर्च धरला होता ९९० कोटी रुपये; ११ प्रक्रिया केंद्रं, ३९६ दशलक्ष लिटर क्षमता आणि ११३ किलोमीटरच्या आसपास मलवाहिन्या. पायाभरणी झाली मार्च २०२२ मध्ये, आणि तोवर आकडा १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. मधली वर्षं निविदांच्या फेऱ्यांत आणि जागा मिळवण्यात गेली. त्यात एकाही दुकानदाराच्या भरपाईचा वाटा नव्हता. त्या १,४७० कोटींचा एक टक्का म्हणजे १४ कोटी ७० लाख, वाहिनीच्या दर किलोमीटरमागे साधारण १३ लाख. सगळ्या वाहिन्या काही बाजारपेठेतून जात नाहीत, तेव्हा जिथे धंदे आहेत तिथे यापेक्षा जास्त देता येईल. एका टक्क्याने प्रकल्प बुडत नाही. आणि लोकांचं सहकार्य नसलं तर बांधलेलं गटारही रिकामं राहू शकतं: मडगावात वाहिनी दारापर्यंत जाऊनही कित्येक घरं आणि आस्थापनं तिला जोडली गेली नाहीत, आणि साळ नदीच्या प्रदूषणाच्या चर्चेत हा मुद्दा पुन्हा पुन्हा आला. घरजोडणीचा खर्च आणि फरशी फोडण्याची कटकट मालकाच्या गळ्यात असते. ज्याने दोन वर्षं धूळ खाल्ली आणि ज्याच्या तक्रारीला वॉर्ड ऑफिसने उत्तर दिलं नाही, त्याने आपणहून तिसरा खर्च करावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

एक अडचण मात्र या सगळ्या परदेशी नमुन्यांत सुटत नाही, आणि ती आपल्याकडे सर्वांत मोठी आहे. फ्रान्सची समिती काय किंवा माँट्रियलची योजना काय, दोन्हींना हिशेबाच्या वह्या लागतात. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणीच लागत नाही, आणि फुलवाली, चांभार, भुर्जीची गाडी यांच्याकडे कसली वही? चर पडला की सर्वांत आधी हटवले जातात ते हेच, आणि रस्ता नव्याने झाल्यावर ‘सुशोभीकरणा’त त्यांची जागा बहुधा परत येत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस द्यायची तरतूद आहे, विक्रेत्यांची पाहणी आणि प्रमाणपत्रं आहेत, नगर पथविक्रेता समिती आहे. गटाराच्या टेंडरमध्ये या समितीचा उल्लेख सहसा नसतो. तो आणता येईल. प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला रस्ता बंद असेपर्यंत जवळच्या रस्त्यावर नेमून दिलेली जागा, ती नसेल तर दिवसाला ठरलेली रक्कम, आणि काम संपल्यावर जुनी जागा परत, या तीन अटी घालायला कुठलाही नवा कायदा लागत नाही. रक्कम दिवसावर ठरली तर उलाढाल सिद्ध करायचा प्रश्नच येत नाही. बॅरिकेड कुठल्या तारखेला लागलं आणि कुठल्या तारखेला निघालं याची नोंद पालिकेने ठेवली की पुरे, आणि मुदत वाढवून मागणाऱ्या ठेकेदाराच्या बिलातून तेवढे दिवस वळते करता येतात.